आयव्हीएफ सेंटरमधलं जेनेटिक काउन्सेलिंग, घोडबंदर रोड, ठाणे (4 स्टार)

मी आणि नवरा दोघंही थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या आजाराचा एक सदोष जीन आमच्यात आहे, आजार नाही), म्हणजे दर गरोदरपणात बाळाला मेजर (सतत रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार) व्हायची शक्यता 25 टक्के, म्हणून गेलो होतो. सेंटरचं नाव लिहीत नाही. काउन्सेलर मॅडम मात्र एक नंबर, फाइलच्या मागे पेन्सिलने चार गोल काढले, एक पूर्ण काळा (मेजर), दोन अर्धे (मायनर), एक कोरा (काहीच नाही), आणि नवऱ्याला पहिल्यांदा नीट कळलं. भ्रूण तपासून मेजर नसलेला ठेवायचा, हे कायद्यात बसतं म्हणाल्या. मी विचारलं मग जीनच दुरुस्त का नाही करत? तर म्हणाल्या तसं बाळ जन्माला घालायला आपल्याकडे परवानगी नाही, 2018 ला चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने क्रिस्पर (जीन कापून बदलायचं तंत्र) वापरून जुळ्या मुलींचे जीन बदलले, त्याला 3 वर्षं तुरुंगवास झाला; परवानगी नाही कारण चूक झाली तर ती पुढच्या पिढ्यांतही जाऊ शकते आणि त्या मुलींना कोणी विचारलेलं नसतं. हे वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

पण पॅकेज सांगणारा मुलगा बोलला, "मॅम, पुढे रंग, उंची पण निवडता येईल." खूप राग आला. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घेतो हो, सुई पाहिली की आईचा दुपट्टा घट्ट धरतो. त्याचं दुखणं आणि गोरं बाळ एकाच रेटकार्डवर कसं काय? एक स्टार त्याचाच कापला. पार्किंग नाही, रिक्षाने जा.