टेर्व्हुरेनचे आफ्रिका संग्रहालय

आधुनिक युरोपचा इतिहास फ्रेंच राज्यक्रांतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अभ्यासूनही आफ्रिकेची वाटणी माझ्या लक्षात राहिली होती ती बर्लिन परिषदेच्या सनापुरतीच. ब्रसेल्सजवळच्या या संग्रहालयाने ती उणीव एका दिवसात उघडी पाडली.

तेथे माँगोमेरी चौकातून 44 क्रमांकाच्या ट्रामने जावे. ट्राम ज्या प्रशस्त हमरस्त्याने निघते, तो बेल्जियमच्या दुसऱ्या लिओपोल्ड राजाने 1897 च्या जागतिक प्रदर्शनासाठीच बांधून घेतला. त्या प्रदर्शनात 267 काँगोवासीयांना आणून प्रेक्षकांसमोर ठेवण्यात आले आणि त्यांपैकी सात जण तेथेच मरण पावले. 1885 ते 1908 या काळात काँगो ही याच राजाची खासगी मालमत्ता होती. त्याने मात्र त्या भूमीवर कधी पाऊलही ठेवले नाही. युरोपात सायकली आणि मोटारींच्या टायरांसाठी रबराची मागणी वाढली, तसतसा तिकडच्या गावांवर सक्तीने रबर गोळा करण्याचा जुलूमही वाढत गेला.

1910 मध्ये खुली झालेली, शार्ल जिरो यांनी रचलेली ही वास्तूच येथील सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे. घुमटाखालच्या कोनाड्यांतील, बेल्जियमने काँगोला संस्कृती दिली असे सांगणारे सोनेरी पुतळे संरक्षित असल्याने हलवता येत नाहीत. म्हणून 2018 च्या पुनर्रचनेत त्यांच्यासमोर एमे म्पाने या काँगोली कलावंताने घडवलेले भव्य मस्तक उभे केले गेले. दुसऱ्या एका दालनाच्या भिंतीवर काँगोत मरण पावलेल्या 1508 बेल्जियनांची नावे कोरलेली आहेत. फ्रेडी त्सिम्बा या काँगोली कलावंताने समोरच्या काचांवर बेल्जियममध्ये मरण पावलेल्या काँगोवासीयांची नावे लिहिली असून, ऊन पडले की त्यांच्या सावल्या त्या कोरीव नावांवर येतात. मी गेलो तेव्हा आभाळ भरून आले होते. ढग सरेपर्यंत थांबलो, आणि त्या थांबण्याचे चीज झाले.

वसाहतकाळाच्या इतिहासाला दिलेली जागा मला अपुरी वाटली. सक्तीच्या रबरवसुलीसारखा विषय असा आटोपशीर मांडता येणारा नाही. म्हणून प्राणी, खनिजे आणि वाद्यांची सुंदर दालने नंतर पाहावीत आणि ताज्या मनाने आधी या इतिहासाच्या दालनातच यावे. माहितीफलक इंग्रजीतही असल्याने अडचण येत नाही. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवावा, आणि परतीच्या ट्रामपूर्वी गावातल्या चर्चपाशी त्या सात जणांच्या कबरींपर्यंत चालत जावे.