जुन्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर: नवा, रिकंडिशन की भंगारातला?

दहा-पंधरा वर्षं जुन्या स्विफ्ट, वॅगनआर किंवा सॅन्ट्रोचा कॉम्प्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, गेला की बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो: सीलबंद नवा, रिकंडिशन केलेला आणि भंगारात निघालेल्या गाडीचा. आमचं मत आधीच सांगून टाकतो. गाडी अजून दोन-तीन उन्हाळे वापरायची असेल तर क्लचसकट (एसी लावल्यावर कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा चुंबकी भाग, गिअरचा क्लच नव्हे) नवाच घ्या. मात्र नवा कॉम्प्रेसर टिकणार की नाही, हे त्याच्या डब्यावर कमी आणि बसवणाऱ्याच्या हातावर जास्त अवलंबून असतं.

आधी कॉम्प्रेसर खरंच गेलाय का ते बघा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर बहुतेक पुलीचं बेअरिंग गेलेलं असतं आणि तेवढंच बदलून भागतं. क्लच ओढतच नसेल तर मॅग्नेटच्या कॉइलचा रोध मोजा. साधारण 3 ते 5 ओहम आला तर कॉइल ठीक आहे. मग रिले, अर्थिंग आणि गॅस कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचने करंट तोडला आहे का, ते तपासा. क्लचची प्लेट आणि पुली यांच्यातली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ती साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर हवी. प्लेट झिजून फट वाढली की इंजिन तापल्यावर क्लच सोडतो आणि चांगल्या कॉम्प्रेसरवर खापर फुटतं. एसी चालू केल्यावरच खडखड येत असेल, किंवा बेल्ट किंचाळून कॉम्प्रेसर जाम होत असेल, तर मात्र आतलाच भाग गेला.

भंगारातल्या मालाबद्दल स्पष्टच सांगायचं तर, कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात गाडीतून नुकताच काढलेला, दोन्ही तोंडं बूच लावून बंद केलेला कॉम्प्रेसर मिळालाच तर तो विचारात घेता येतो. तोंडं उघडी ठेवून फळीवर पडलेला फुकट मिळाला तरी घेऊ नका. आर-134ए या एसीच्या गॅसवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधलं पीएजी जातीचं कृत्रिम तेल हवेतली ओल झपाट्याने ओढतं. पावसाळ्यात चार दिवस उघडा राहिला की आत गंज आणि आम्ल यांची सुरुवात झालीच समजा. शिवाय शाफ्टचं सील कोरडं पडलेलं असतं आणि बसवल्यावर तिथूनच गळतं.

रिकंडिशन म्हणजे नेमकं काय केलंय, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. अनेकदा फक्त शाफ्ट सील, ओ-रिंग आणि बेअरिंग बदलून वरून चंदेरी रंग मारलेला असतो. पिस्टन आणि त्यांना मागेपुढे हलवणारी तिरकी स्वॉश प्लेट आतून ओरखडलेली असेल तर नवं सील काय कामाचं? क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवून बघा: फिरणं एकसारखं, किंचित जड हवं, कुठेही अडकता कामा नये. मग गॅस बाहेर पडण्याच्या तोंडावर पांढरा टिश्यू टेकवा. तेल स्वच्छ किंवा फिकट पिवळं असेल तर बरं. करड्या रंगाचं, चांदीसारखं चमचमणारं तेल म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा चुरा, आणि तो कॉम्प्रेसर परत द्यायचा. किंमत नव्याच्या निम्मी असेल, पण खराब निघाला तर गॅस, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. गाडी लवकरच विकायची असेल तरच आमच्या मते हा पर्याय ठीक आहे.

नव्यातही डोळसपणे घ्यावं लागतं. मारुतीच्या अनेक गाड्यांना सुब्रोस कंपनीचा, तर काही गाड्यांना सँडेन कंपनीचा कॉम्प्रेसर मूळचाच असतो. जुन्यावरचा नंबर, पुलीच्या खाचा आणि पाइपांच्या तोंडांची जागा जुळवून बघा. ‘सगळ्यांना बसतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून घेऊ नका. सीलबंद मालात नायट्रोजन भरलेला असतो आणि बूच सैल केलं की फुस्स असा आवाज येतो. तो आला नाही तर डबा आधीच कुणीतरी उघडलाय, असं धरा.

आता तेलाकडे वळू, कारण सर्वात जास्त घोळ इथेच होतो. डेन्सो कंपनीच्या एनडी-8 तेलाची जाडी पीएजी 46 इतकी, सँडेनच्या एसपी-20 ची पीएजी 100 इतकी. लेबल न वाचता जे हाताशी आहे ते ओतलं की पातळ किंवा जाड तेलाने कॉम्प्रेसर मरतो. नव्या कॉम्प्रेसरमध्ये बहुधा पूर्ण सिस्टिमला पुरेल इतकं तेल असतं. आतलं सगळं फ्लश केलं नसेल तर आधी जुन्यातलं तेल मापाच्या भांड्यात काढा. समजा 40 मिली निघालं, तर नव्यातलं जास्तीचं काढून तेवढंच ठेवा आणि ड्रायर बदलला तर 10-15 मिली जादा घाला. जास्त तेल कूलिंग कॉइलमध्ये साचतं आणि थंडावा कमी करतं. कमी पडलं तर कॉम्प्रेसर जाम होतो.

जुना कॉम्प्रेसर फुटून चुरा सिस्टिममध्ये पसरला असेल तर फक्त कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे नवा मारण्याची व्यवस्था करणं. पाइप आणि कूलिंग कॉइल एसी फ्लशिंगच्या द्रवाने धुवा, मग कोरड्या नायट्रोजनने थेंब येणं थांबेपर्यंत फुंका. रॉकेल किंवा थिनर अजिबात नको. आताच्या पॅरलल फ्लो कंडेन्सरच्या (पुढची, गॅस थंड करणारी जाळी) नळ्या इतक्या बारीक असतात की त्यात अडकलेला चुरा फ्लशने निघत नाही, म्हणून कंडेन्सरही नवाच घ्यावा लागतो. एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये जाणारा गॅस मोजून सोडणारा) आणि ड्रायर धुवायचे नसतात, ते बदलायचेच. काही गाड्यांत व्हॉल्व्हसाठी ग्लव्हबॉक्स आणि ब्लोअर उतरवावा लागतो, म्हणून मेकॅनिक टाळाटाळ करतात. त्याची मजुरी द्या, पण टाळू देऊ नका.

ओ-रिंग आर-134ए साठीच्या, हिरव्या एचएनबीआर रबराच्या घ्या. त्यांना थोडं पीएजी तेल लावून बसवा. नायट्रोजनने साधारण 150 पीएसआय दाबावर गळती तपासा आणि साबणाच्या फेसाने जोड बघा. मग व्हॅक्यूम पंप किमान 30 ते 45 मिनिटं चालवा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत तासभर चालवलेला बरा. पंप बंद केल्यावर सुई 15 मिनिटं जागची हलली नाही तरच पुढे जा. गॅस बोनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनानेच भरायचा. छोट्या हॅचबॅकमध्ये तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो, म्हणून 50 ग्रॅमची चूकही जाणवते. वजनकाटा नसलेल्या दुकानात हे काम करू नका. गळतीबंद औषधं आणि स्वस्त अनोळखी कॅन दूर ठेवा: आर-134ए म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावट गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड सापडलेलं आहे, आणि ते अ‍ॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करून धोकादायक संयुग बनवतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लेट हाताने 10-12 फेरे फिरवा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं तेल निघून जातं आणि पहिल्याच झटक्यात व्हॉल्व्ह तुटत नाही. मग इंजिन 1500 आरपीएमवर, बाहेर 35 अंश असताना गेजवर लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) 30-45 आणि हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) 200-250 पीएसआय दिसायला हवेत. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात हाय साइड याहून वर जाते. गाडी उभी असताना ती चढतच राहिली तर कंडेन्सरचा पंखा तपासा. मंद पडलेला पंखा हेच अनेकदा जुना कॉम्प्रेसर जाण्याचं मूळ कारण असतं, आणि नवा कॉम्प्रेसर बसवणारे नेमकं तिकडेच बघत नाहीत.

बिलावर ड्रायर, तेलाची जात आणि गॅसचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. वॉरंटीचा दावा फेटाळताना विक्रेते बहुधा ‘ड्रायर बदलला नव्हता’ याच कारणावर बोट ठेवतात.