इंदूर–जानापाव धर्मादाय सायकल राइड: रस्ता झकास, टेम्पोपासून सावध

जानेवारीतल्या रविवारी, रुग्णांच्या मदतनिधीसाठी निघणारी ही राइड. शुल्क ८०० रुपये. त्यात टी-शर्ट, बिब (अंगावर लावायचा क्रमांक), नाश्ता, मेडल आणि वाटेतली मदत. इंदूर ते जानापाव, म्हणजे महूपुढची टेकडी, येऊन-जाऊन साधारण ९० किलोमीटर. तेवढं नको असेल तर महूहून परत फिरायचं, म्हणजे ४५ च्या आसपास. मार्गाला पैकीच्या पैकी, खाण्यापिण्याला चांगले गुण, मेकॅनिक हुशार पण पेटी अर्धी. परतीच्या टेम्पोला मात्र नापास करावं लागेल.

सुटण्याची वेळ सहाची. जानेवारीत इथे उजाडायला सात वाजतात, त्यामुळे पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा सक्तीचा होता आणि बिब देतानाच तो लावून पाहत होते. हे आवडलं. राऊपर्यंत स्पीडब्रेकर आणि दूधवाले, त्यापुढे महूपर्यंत पाय मोकळे होतात. महूनंतर आग्रा–मुंबई रस्त्याच्या कडेची पट्टी धरावी लागते आणि पंक्चरचा खरा हंगाम तिथेच. ट्रकच्या फुटलेल्या टायरांतल्या बारीक तारा त्या पट्टीवर विखुरलेल्या असतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तार काढली नाही, तर पाचशे मीटरवर पुन्हा फुस्स. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर दोष तारेचा नाही, कमी हवेचा: खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. सत्तर किलोच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० ते ८५ पीएसआय, २८ च्या टायरमध्ये ७० च्या आसपास, मागच्या चाकात पाच जास्त, हे या रस्त्याला पुरतं.

मेकॅनिकच्या गाडीत २६ आणि २७.५ इंची ट्यूब भरपूर, रोड सायकलला लागणाऱ्या ७०० मापाच्या अगदी मोजक्या, त्याही जाड व्हॉल्व्हच्या. रोड सायकलच्या रिमचं भोक बारीक असतं, त्यात तो व्हॉल्व्ह जातच नाही. पंपही मोटरसायकलचा, म्हणजे जाड व्हॉल्व्हचाच. बारीक व्हॉल्व्हवर बसवायचा पितळी अडॅप्टर खिशात असलेले तरले. दोन ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप आणि आपल्या चेनच्या स्पीडची (मागे जितकी चक्रं, तितक्या स्पीडची) जोडकडी स्वतःजवळ ठेवा. नऊ स्पीडची कडी अकरा स्पीडच्या चेनला चालत नाही.

कुटी गावाकडे वळलं की चढ. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, जानापाव ८५४ वर, आणि या फरकाचा मोठा हिस्सा शेवटच्या टप्प्यात वसूल होतो. मागच्या कॅसेटचं (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचं) मोठं चक्र २८ दातांचंच असेल तर मध्येच उतरून ढकलत नेणं आलं. ३२ किंवा ३४ असेल तर बसून जमतं. गिअर चढाच्या आधी टाका. पाय जड झाल्यावर बदलायला गेलात तर चेन उडते. वर चंबळेचा उगम, परशुरामाचं स्थान आणि फोटोंची झुंबड. खाली येताना वळणांवर सांडलेली खडी हा खरा धोका, म्हणून मार्शल एकेकाला अंतर ठेवून सोडत होते. कुरकुर झाली, पण बरोबर तेच होतं.

खाण्याची तक्रार नाही. निघताना वाफेवरचे पोहे, शेव आणि जिरावण मसाला वेगळा. जिलेबी शहाणपणाने शेवटाला ठेवलेली. वाटेत केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, चिक्की. एका थांब्यावर मात्र ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एका ग्लासात कालवून देत होते. एवढं दाट पाणी पोटात गेलं की मळमळ आणि वर जास्त तहान. पाकिटावरचं माप वाचायचं आणि बाटलीत कालवायचं, इतकं स्वयंसेवकांना सांगायला हवं होतं. तिथल्या काकांचा आग्रह मात्र अस्सल इंदुरी, एका केळ्यावर कोणाची सुटका नाही.

आता टेम्पो. दमलेल्यांच्या सायकली त्यात एकावर एक आडव्या रचल्या, बऱ्याचशा उजव्या कुशीवर. उजवीकडेच मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आणि त्याला धरणारा हँगर असतो. हँगर मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, फ्रेम मोडण्याऐवजी तो वाकावा म्हणून. तो आत वाकला आणि कोणी सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर थेट स्पोकमध्ये. चाक, चेन, डिरेलर, सगळ्यांचं एकदम भरीत. वर प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, बहुतेक वेळा मागवावाच लागतो. सायकल टेम्पोतून आली असेल तर चालवण्याआधी मागून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी चक्रं वरच्या चक्राच्या सरळ रेषेत हवीत. तिरपी दिसली तर मोठ्या चक्रावर चेन नेऊच नका. आयोजकांनी सायकली उभ्या, पुढचं चाक काढून, मध्ये पुठ्ठा घालून बांधल्या तर टेम्पोत कमी मावतील, म्हणून दुसरा टेम्पो घ्यावा. टी-शर्टचा खर्च वाचवला तरी पैसे निघतील. ते टी-शर्ट सुती आहेत, घामाने अंगाला चिकटतात, आणि पुढे बहुधा गाडी पुसायलाच लागतात.

हिशेबाचं फलक शेवटच्या थांब्यावर लावलं होतं: जमा, खर्च, रुग्णालयाला गेलेली रक्कम. नावनोंदणीच्या ८०० ची पावती मिळते, ती देणगीची नसते, कारण बदल्यात नाश्ता आणि मेडल मिळालेलं असतं. करात सवलत हवी असेल तर वेगळी देणगी द्या, २,००० च्या वर असेल तर रोख देऊ नका, आणि पावतीवर पॅन लिहून घ्या. टेबलावरच्या ताईंना हे विचारलं तर त्या दोन मिनिटांत करून देतात. न विचारता कोणी सांगत नाही.