सामान चोख, पण परतीची वेळ कोणी विचारत नाही

मालवण परिसरात पर्यटकांना बोटीने नेऊन थोडा वेळ पाण्याखाली फिरवून आणणारे पुष्कळ आहेत; प्रमाणपत्र असलेल्या पाणबुड्याला हवेचा सिलिंडर, तो पाठीवर धरणारे जॅकेट आणि त्यातली हवा तोंडाशी पुरवणारा रेग्युलेटर नुसते भाड्याने देणारे दुकान मात्र शोधावे लागते. अशा एका दुकानातून मी जानेवारीत सामान घेतले आणि किनाऱ्यावरून एकटीने बुडी मारली. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला खटकलेली उणीव त्या एकाच दुकानाची असेल असे वाटत नाही, आणि त्या दिवशी चुकले ते सगळे दुकानाचेच होते असेही नाही.

आधी सामानाविषयी. 11 लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर, गळ्यापाशी ठोकलेली दाबचाचणीची तारीख मुदतीतली, आणि भरण थंड झाल्यावरही हवेच्या दाबाचा काटा 200 बारवर. अनेक ठिकाणी 170 वर बोळवण होते, म्हणून हे आवर्जून नोंदवते. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास नव्हता. कॉम्प्रेसरचा हवा ओढणारा पाइप जनरेटरपासून लांब, छपरावर नेलेला मी स्वतः पाहिला. रेग्युलेटर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत टांगलेले होते. सामानाला मी पूर्ण गुण देते.

नोंदवहीचे तसे म्हणता येणार नाही. काउंटरवरच्या मुलाने माझ्या कार्डाची झेरॉक्स घेतली आणि वहीत नाव, मोबाइल, सिलिंडर नंबर व अनामत रक्कम लिहिली. कुठे उतरणार, सोबत कोण आहे, किनाऱ्यावर कोणी थांबणार आहे का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. मीच आपणहून सांगितले की साडेदहापर्यंत परत येईन. त्याने मान हलवली. त्या वेळेसाठी वहीत रकानाच नव्हता.

दुकान साडेसातला उघडणार असे फोनवर ठरले होते, ते उघडले पावणेनऊला. शहरात या उशिराचे कोणी काही मनावर घेणार नाही, पण किनाऱ्यावरून उतरणाऱ्याला तो फार महाग पडतो. त्या दिवशी एकादशी होती. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब लावला तर भरती सव्वाआठच्या सुमारास पूर्ण होत होती, आणि त्या वेळच्या थांबलेल्या पाण्यात उतरण्याचा माझा बेत होता. प्रत्यक्षात खडपांवरून पाण्यात शिरेपर्यंत नऊ वाजून वीस मिनिटे झाली. ओहोटी लागलेली, त्यात हिवाळ्यातल्या सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. म्हणजे पाणी आणि वारा दोघेही मला बाहेरच ढकलणार होते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ही ओढ कमी असते, एकादशीला ती वाढू लागलेली असते. हे ठाऊक असूनही मी उतरले, हा दोष माझा.

हवेचा हिशेब सोपा होता. 8 मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा 1.8 पट असतो, त्यामुळे शांतपणे मिनिटाला 20 लिटर हवा घेणाऱ्याला तिथे 36 लिटर लागतात. 50 बार राखून ठेवले तरी पाऊण तास मिळतो. हा हिशेब फक्त शांत श्वासाचा आहे, याची प्रचिती वीस-बावीस मिनिटांनी आली. खडकाला अडकून राहिलेल्या कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, मानेमागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये गुंतला. पाणी गढूळ, तंगूस पारदर्शक, आणि हात तिथे पोचत नाही. सोबती असता तर ते दहा सेकंदांचे काम होते. मला रेग्युलेटर दातांत घट्ट धरून जॅकेट अंगातून काढावे लागले, पुढे घेऊन कटरने दोरा कापावा लागला आणि पुन्हा ते चढवावे लागले. चार मिनिटांत काटा 120 वरून 95 वर आला, कारण श्वास दुप्पट चालला होता. 5 मीटरवर तीन मिनिटे थांबून वर आले तेव्हा किनारा बराच लांब गेला होता. लांबून दिसावे म्हणून जवळ ठेवलेली नारिंगी नळी फुगवून, ओढीला आडवे पोहत, उतरले होते त्याच्या बऱ्याच दक्षिणेला मी बाहेर पडले.

ओले सामान पाठीवर घेऊन चालत दुकानात पोचेपर्यंत बारा वाजले. दीड तास उशीर झाला होता. फोनवर एकही मिस्ड कॉल नव्हता. मुलाने मोबाइलमधून मान वर केली आणि म्हणाला, "ताई, सिलिंडर हाडलात? थंय ठेवा." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता, माझी वाट पाहणे हे आपले काम आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

एकट्याने बुडी मारणे हा सरसकट वेडेपणा आहे असे मी मानत नाही. एसडीआय या पाणबुड्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि त्यालाही किमान 21 वर्षे वय व 100 बुड्यांची नोंद लागते. त्यात भर असतो तो स्वतंत्र रेग्युलेटर असलेल्या छोट्या जादा सिलिंडरवर, दुसऱ्या मास्कवर आणि दुसऱ्या कटरवर. माझ्या नोंदवहीत 140 बुड्या आहेत, पण तो अभ्यासक्रम मी केलेला नाही, आणि दुकानात 3 लिटरचा जादा सिलिंडर भाड्याने मिळत नाही. असता तर त्यात 600 लिटर हवा मावते. घाबरलेल्या माणसालाही 8 मीटरवर आठेक मिनिटे पुरते. खाली पाणबुड्या आहे हे बोटींना दाखवणारा तरंगता झेंडाही दुकानाकडे नव्हता. जेट स्की आणि बनाना बोटींच्या या पाण्यात तो नसणे मला जादा सिलिंडर नसण्याइतकेच गंभीर वाटते.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला खडपावर बसवले, हातात घड्याळ आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर दिला, आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांना कुठे उतरते आहे ते सांगून ठेवले. सामान त्याच दुकानातून घेतले. परतीची वेळ लिहून घ्यायला सांगितल्यावर मुलाने ती समासात पेन्सिलने लिहिली.

सिलिंडरचे दिवसाचे भाडे 500 रुपये, अनामत रोखच लागते. बोटीने आणि सोबत्यासह जाणाऱ्याने येथून निःशंक सामान घ्यावे. किनाऱ्यावरून उतरायचे असेल तर सिलिंडर आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्यावा. सकाळी दुकान कितीला उघडेल यावर भरतीचा हिशेब बांधू नये.