वर्षभर मिनआयन वापरल्यावर: यंत्र खिशात मावतं, बाकीचं नाही

मिनआयन म्हणजे डीएनएची अक्षरं वाचणारं, म्हणजे सिक्वेन्सिंगचं, छोटं यंत्र. आधी निकाल सांगतो. जीवाणूंचे पूर्ण जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) हवे असतील आणि त्यांत पुन्हापुन्हा येणारे भाग भरपूर असतील, तर मिनआयन जरूर घ्या. एकेका अक्षराचा बदल शोधून त्यावर रुग्णाचा उपचार ठरणार असेल, तर छोट्या रीडचं (रीड म्हणजे एका दमात वाचलेला डीएनएचा तुकडा) सिक्वेन्सिंग बाहेरून करून घेणं अजून सोपं पडतं. या दोन्हींच्या मध्ये असाल तर पुढे वाचा.

आम्ही स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जीवाणूंवर काम करतो. पहिल्या पावसात मातीचा जो वास सुटतो, त्यातलं जिओस्मिन बनवणारी ही मंडळी. स्ट्रेप्टोमायसिनपासून कितीतरी अँटिबायोटिक्स यांच्याकडूनच मिळाली. यांचा जीनोम मात्र खट्याळ. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम सुमारे 87 लाख अक्षरांचा, त्यात डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी मिळून 72 टक्के, आणि गुणसूत्र ई. कोलायसारखं गोल नसून सरळ. अँटिबायोटिक बनवणारी जनुकं लांबलचक असतात आणि त्यांत जवळजवळ सारखीच मोड्यूल्स (जनुकाचे ठरावीक भाग) एकापुढे एक येतात. दीडशे अक्षरांच्या रीडला कळतच नाही की आपण तिसऱ्या मोड्यूलमध्ये आहोत की सातव्या. मग जीनोम शेकडो तुकड्यांत हाती येतो आणि नेमकं हवं ते जनुक तुकड्याच्या कडेला तुटलेलं असतं.

मिनआयनची गंमत इथेच आहे. यंत्रात बसवायच्या चिपमधल्या, म्हणजे फ्लो सेलमधल्या, पटलात प्रथिनांची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पोअर, बसवलेली असतात. डीएनएचा धागा त्यातून सरकतो तसा विद्युतप्रवाह बदलतो आणि त्या बदलांवरून अक्षरं वाचली जातात. एका वेळी 512 चॅनेल वाचतात, वेग साधारण सेकंदाला 400 अक्षरं. धागा जितका लांब, तितका रीड लांब. यंत्राकडून लांबीची मर्यादा जवळपास नाहीच, मर्यादा तुमच्या डीएनएची.

आणि म्हणूनच या रिव्ह्यूचा मोठा भाग यंत्राबद्दल नाही. वर्षभरात रन (एका वेळचं वाचन) चांगला जाणार की वाईट, हे आमच्याकडे जवळपास दर वेळी फ्लो सेल फ्रिजमधून काढण्याआधीच ठरलेलं असायचं. स्ट्रेप्टोमायसिसची पेशीभित्तिका जाड, वाढ बुरशीसारखी तंतूंची. मणी घालून हलवलं तर पेशी फुटतात, पण डीएनएचाही भुगा होतो. भित्तिका विरघळवणाऱ्या लायसोझाइममध्ये 37 अंशांवर निवांत ठेवायचं, मग प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के, मग पॉलिसॅकराइड्स काढायला सीटॅब. व्होर्टेक्सला (नळी जोरात हलवणारं यंत्र) हात लावायचा नाही, रुंद तोंडाच्या टिप वापरायच्या. एवढं करूनही रंगद्रव्यं आणि पॉलिसॅकराइड्स सोबत येतातच. नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून डीएनए मोजणारं यंत्र) 260/280, म्हणजे प्रथिनांची भेसळ दाखवणारा आकडा, छान 1.8 दिसतो आणि 260/230, म्हणजे पॉलिसॅकराइड्ससारखी भेसळ दाखवणारा आकडा, मात्र दीडच्याही खाली. हा दुसरा आकडा दोनच्या आसपास आल्याशिवाय लायब्ररी (यंत्रात घालण्यासाठी तयार केलेला डीएनए) करू नका. अशुद्ध डीएनए लोड केला की पहिल्या तासाभरात पोअर भराभर निकामी होतात आणि शिव्या यंत्राला बसतात.

नॅनोड्रॉपचा आकडा क्यूबिटपेक्षा (फक्त डीएनए मोजणारं यंत्र) कितीतरी जास्त येत असेल तर बहुतेक आरएनए उरलेला आहे. आरएनए तोडणारं आरएनेझ द्या, पुन्हा मोजा. लायब्ररीसाठी हिशोब क्यूबिटच्याच आकड्यावर करा. उलट टोकाचा त्रासही होतो: फार लांब डीएनए मधासारखा चिकट होतो, पिपेटमध्ये नीट येत नाही, पोअरही अडवतो. जीवाणूंसाठी 20-30 हजार अक्षरांचे तुकडे पुष्कळ झाले, विक्रम करायला जाऊ नका.

2015 मध्ये गिनीत एबोलाच्या साथीत हेच यंत्र सामानातून नेलं होतं आणि नमुना मिळाल्यापासून 24 तासांच्या आत निकाल दिले होते. 2016 मध्ये ते अंतराळ स्थानकावरही चाललं. या गोष्टी खऱ्या आहेत, पण एबोलाच्या वेळी पीसीआरने वाढवलेले छोटे तुकडे वाचले होते. मातीतल्या जीवाणूचा अख्खा जीनोम न वाढवता वाचायचा, तर अशुद्धीही सोबत येते. जाहिरातीतलं पोर्टेबल यंत्र आणि तुमच्या बाकावरचं यंत्र यांत फरक पडतो तो इथे.

लायब्ररीबद्दल थोडक्यात. रॅपिड किटमध्ये ट्रान्सपोझेज हे एन्झाइम डीएनए कापतानाच बारकोड (तुकडा कोणत्या नमुन्याचा हे सांगणारी खूण) लावतं, तासाभरात काम होतं. लायगेशन किटला जास्त वेळ आणि वेगळी एन्झाइम्स लागतात, पण वाचलेली अक्षरं जास्त मिळतात. आम्ही बहुतेक वेळा रॅपिडच वापरलं.

लोडिंगचं मात्र सगळ्यांनाच टेन्शन येतं. फ्लो सेलचं प्रायमिंग पोर्ट (द्रव घालायचं भोक) उघडल्यावर आधी 20-30 मायक्रोलिटर मागे ओढून हवेचा बुडबुडा काढायचा. तो पोअरच्या पटलावरून गेला की तिथले पोअर कायमचे गेले. नव्या विद्यार्थ्यांना आम्ही वापरून संपलेल्या फ्लो सेलवर सराव करायला लावतो. ती टाकून देऊ नका.

आता हिशोब. 87 लाख अक्षरांच्या जीनोमला पन्नासपट वाचन (प्रत्येक अक्षर सरासरी पन्नास वेळा) म्हणजे सुमारे 43 कोटी अक्षरं. 24 बारकोड भरले तरी हजार कोटींच्या आसपास, आणि एक निरोगी फ्लो सेल तेवढं देऊ शकते. म्हणजे पूर्ण बॅच जमल्यावरच रन परवडतो. पण फ्लो सेल 2 ते 8 अंशांवर ठेवली तरी तिचे पोअर हळूहळू कमी होत जातात, त्यामुळे सॅम्पल जमेपर्यंत ती पडून ठेवणंही महागात पडतं. आधी डीएनए जमवा, मग ऑर्डर द्या. धुऊन पुन्हा वापरायची असेल तर पुढच्या रनला वेगळे बारकोड घ्या, कारण जुन्या लायब्ररीचे थोडे रीड उरतातच.

दुसरा खर्च संगणकाचा, जो खरेदीच्या प्रस्तावात हटकून विसरला जातो. बेसकॉलिंग, म्हणजे सिग्नलवरून अक्षरं ओळखणं, डोराडो या सॉफ्टवेअरने होतं. त्यातलं सर्वांत अचूक सुप मॉडेल साध्या सीपीयूवर चालवणं म्हणजे वेळेचा खेळखंडोबा. चांगलं जीपीयू हवंच. लॅपटॉपचं आपोआप अपडेट आणि स्लीप बंद करा, यूपीएस लावा, मे महिन्यात एसी चालू ठेवा. कच्च्या सिग्नलच्या पीओडी5 फाइली शेकडो जीबी खातात, तरी जपून ठेवा. नवं मॉडेल आलं की त्याच सिग्नलमधून आधीपेक्षा चांगली अक्षरं मिळतात, प्रयोगशाळेतल्या ओल्या कामाची एक बाटलीही न उघडता.

जुळणीसाठी, म्हणजे रीड जोडून जीनोम उभा करायला, फ्लाय हे सॉफ्टवेअर, नंतर चुका सुधारायला मेडाका. आर10.4.1 या प्रकारच्या फ्लो सेलवर अचूकता चांगली आहे, पण सलग जी किंवा सलग सी आले की एखादं अक्षर कमी-जास्त मोजलं जाण्याचा धोका उरतोच, आणि आमच्या जीनोममध्ये असे पट्टे पावलोपावली. एक अक्षर चुकलं की जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचायची फ्रेम सरकते आणि एका जनुकाची दोन अर्धी जनुकं दिसू लागतात. बस्कोचे (अपेक्षित जनुकं पूर्ण सापडली का हे तपासणारं सॉफ्टवेअर) आकडे बघितल्याशिवाय जीनोम झाला असं म्हणू नका.

आणि तरीही, अँटिबायोटिक बनवणाऱ्या जनुकांचे गट (क्लस्टर) शोधणाऱ्या अँटिस्मॅशच्या निकालात क्लस्टरमागून क्लस्टरवर येणारा ‘कॉन्टिगच्या (जोडलेल्या तुकड्याच्या) कडेला’ हा शेरा लांब रीडनंतर जवळपास नाहीसा झाला. आमच्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले.

राहता राहिली गुणसूत्राची टोकं. सरळ गुणसूत्राच्या दोन्ही टोकांचा क्रम सारखाच, फक्त उलटा असतो, आणि स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसमध्ये तो लाखाहून जास्त अक्षरांचा आहे. आमचे रीड त्याच्या पार जात नाहीत, त्यामुळे जुळणीत दोन टोकांचं एकच होऊन बसतं. सध्या आम्ही सगळे रीड पुन्हा जीनोमवर बसवून खोली (एकेका जागेवर किती रीड येतात) बघतो. शेवटाकडे ती दुप्पट दिसली की तिथे दोन प्रती आहेत असं धरतो आणि तशी नोंद करतो.