अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा फोर्ड एफ-150: मिशिगनचा हिवाळा काढल्यानंतर

हा पिकअप ट्रक 2018 च्या मॉडेलचा, चार दारी, मागे माल ठेवायचा हौदा साडेपाच फुटी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हिवाळा धरून कित्येक महिन्यांचा वापर: जळाऊ लाकूड, खडी, अधूनमधून ट्रेलर. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. इतक्या मिठात जुन्या पोलादी पिकअपच्या चाकांच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडा तांबूस होऊन झडू लागतात. इथे तसं काहीही नाही. मात्र ‘अ‍ॅल्युमिनियम आहे, आता गंजाची काळजी नाही’ असं समजून ही गाडी घेऊ नका. काळजी उरतेच, ती पत्र्यावरून जोडांवर आणि चासीवर जाते.

फोर्डने 2015 च्या मॉडेलपासून केबिन आणि हौदा अ‍ॅल्युमिनियमचा केला, पण खालची चासी पोलादीच ठेवली. वजनात 700 पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण 318 किलोंपर्यंत घट झाली. त्याचा खरा फायदा पेट्रोलपेक्षा माल वाहण्यात दिसतो. त्या वर्षी जाहीर झालेली कमाल क्षमता हौद्यात 3,300 पौंड आणि ट्रेलरला 12,200 पौंड होती. हे आकडे ठरावीक इंजिन आणि ठरावीक पॅकेजचे आहेत. चार दारी गाडीत हौद्याचा आकडा निम्म्यावरही येतो, म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचल्याशिवाय खडी भरू नका.

आता जोडांचं. पोलाद, खारं पाणी आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. कारखान्यातले रिव्हेट आणि बोल्ट लेप दिलेले असतात, सांध्यांत अ‍ॅडहेसिव्ह असतं, त्यामुळे तिथे सहसा काही होत नाही. बिघडतं ते आपण नंतर लावलेल्या सामानाशी: हौद्याच्या कव्हरचे क्लॅम्प, हत्यारांची पेटी, शिडीचा रॅक. क्लॅम्प हौद्याच्या काठाला आवळला जातो, थरथरून रंग घासला जातो आणि खाली पांढरी भुकटी धरू लागते. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आजूबाजूचा रंगही फुगून उचलला जातो. क्लॅम्पखाली पॉलिएथिलीनची जाड टेप लावा. स्पंज किंवा फेल्ट अजिबात नको, ते मीठपाणी धरून ठेवतं. बोल्टला नायलॉनचे वायसर घाला आणि हिवाळा संपला की सगळे क्लॅम्प एकदा काढून खाली बघा.

यातली एक गोष्ट बरेच जण उलटी समजतात. लहान पोलादी बोल्ट आणि मोठा पत्रा असेल तर झीज पसरते आणि हळू होते. पण स्टेनलेसची मोठी पेटी हौद्यात टेकलेली असेल आणि तिच्याखाली रंगाला एकच ओरखडा असेल, तर सगळी झीज त्या ओरखड्यातच होते आणि पत्र्याला भोकसुद्धा पडू शकतं. म्हणून नुसतं ओरखड्यावर टचअप करून भागत नाही, पेटीचा तळही रंगवावा लागतो.

हौद्याला भोक पाडायचं झालं तर कडा घासून गुळगुळीत करा, चुरा झटकून काढा, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा, मग रंग आणि सीलंट. पोलादावर वापरलेला सँडपेपर किंवा तारेचा ब्रश इथे फिरवू नका. त्याचे लोखंडी कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि काही महिन्यांनी रंगाखाली फोड येतात. वाढीव दिव्याची अर्थिंगही पत्र्यात स्क्रू मारून घेऊ नका. कंपनीने दिलेल्या अर्थिंगच्या जागीच जोडा.

धुताना तीव्र क्षाराचे ट्रकवॉश आणि चाकांसाठीचे आम्लयुक्त क्लीनर टाळा, साधा कार शाम्पू पुरेसा आहे. दारांच्या आणि हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात, त्यांत पानं आणि चिखल अडकतो. तिथे काडी फिरवायला पाच मिनिटं लागतात. पाण्याचा खरा झोत मात्र खाली मारा: चासी, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल म्हणजे त्या चासीला जोडणाऱ्या कड्या, ब्रेकचे पाइप, ट्रेलर जोडायची हिच. तिथला गंज पोलादी बॉडीच्या ट्रकइतकाच धरतो.

हौद्याच्या मजबुतीवरून 2016 मध्ये शेव्हरोलेने जाहिरातच केली होती. दोन्ही हौद्यांत लँडस्केपिंगचे ब्लॉक ओतले आणि अ‍ॅल्युमिनियमचा हौदा फाटलेला दाखवला. जाहिरात म्हणून ती सोडून देता येईल, पण टोकदार कोपऱ्याची वस्तू उंचावरून पडली तर हा पत्रा फाटू शकतो, हे खरंच आहे. स्प्रे लायनर म्हणजे हौद्यात फवारायचा जाड संरक्षक थर आणि त्यावर जाड रबरी मॅट, हा खर्च पहिल्याच आठवड्यात करावा. खुद्द शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने 2019 च्या शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअपमध्ये बॉनेट, दारं आणि फाळका अ‍ॅल्युमिनियमचा केला, हौदा मात्र पोलादीच ठेवला. माझ्या मते कामाच्या गाडीसाठी ती वाटणी जास्त शहाणपणाची आहे.

पोचा काढणं हे वेगळंच काम. पोलादाचा पत्रा थोडाफार मूळ आकाराकडे परत येतो, अ‍ॅल्युमिनियम येत नाही. आधी हळूहळू गरम करावं लागतं. घाई केली किंवा पोच्याची घडी टोकदार असली की चीर जाते, आणि मग पॅनलच बदलावं लागतं. गॅरेजवाल्याला चार गोष्टी विचारा: अ‍ॅल्युमिनियमसाठी पडदा लावून वेगळी केलेली जागा आहे का, हत्यारं वेगळी आहेत का, धूळ ओढून घेणारं यंत्र आहे का, रिव्हेटची गन आहे का. धुळीचा प्रश्न फक्त स्वच्छतेचा नाही, अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते. नवं पॅनल बसवताना अ‍ॅडहेसिव्ह सुकायला ऊब लागते, म्हणून थंडीत गाडी गॅरेजमध्ये जास्त दिवस अडकते.

सुट्या पत्र्याचा पुरवठा हाही विचारात घ्या. या ट्रकांचा बराच पत्रा नोव्हेलिस या अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बनवणाऱ्या कंपनीकडून येतो, आणि ती 2007 पासून मुंबईच्या हिंडाल्कोच्या मालकीची आहे. सप्टेंबर 2025 मध्ये तिच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगोच्या कारखान्याला आग लागली आणि फोर्डला ट्रकांचं उत्पादन कमी करावं लागलं.

जुनी गाडी बघायला जाताना चुंबकाचा उपयोग नाही, तो अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला चिकटत नाही. त्यामुळे पुट्टी भरली आहे का ते त्याने कळणार नाही. रंगाची जाडी मोजणारं यंत्र अ‍ॅल्युमिनियमवर चालणारं असल्याची खात्री करून न्या. कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. एखाद्या दारावर 300 च्या पुढे आकडा आला तर तिथे काम झालेलं आहे. मग टॉर्च घेऊन खाली झोपा आणि मागच्या पाट्यांच्या शॅकलपासून चासी बघत पुढे या. बॉडी चकचकीत आहे म्हणून ही पायरी गाळू नका.