बॅकअप चालेना म्हणून ‘कस्टमर केअर’ला फोन केला आणि ८६,२७९ रुपये गेले

आधी रक्कम सांगते, कारण बँकेत काय आणि पोलीस ठाण्यात काय, पहिला प्रश्न तोच येतो. यूपीआयने ४,९९९ रुपये, मग यूपीआयनेच १८,८८० रुपये, मग डेबिट कार्डावरून ३१,२०० चे दोन व्यवहार. एकूण ८६,२७९. शिवाय नेटवर्क हार्ड डिस्कवरचा २०१४ पासूनचा बॅकअप पुसला गेला. त्यासाठी तक्रारीच्या कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

नकली कस्टमर केअर कसं चालतं हे तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असे फोन मी कितीदा तोंडावर आपटले आहेत. पण इथे फोन त्यांचा आला नव्हता, मी केला होता. आपण स्वतः नंबर शोधून फोन लावला की समोरच्याने आपल्याला गाठलंय असं वाटतच नाही. हे लोक नेमके तिथे बसलेले असतात.

झालं होतं असं. लॅपटॉपचा बॅकअप रोज रात्री राउटरला जोडलेल्या डिस्कवर जायचा. विंडोज अपडेट झालं आणि तो जाईना. डिस्कचा दिवा लागलेला, फोनवरून फोटो दिसत होते, पण लॅपटॉपवरून फोल्डर उघडायला गेलं की इंग्रजीत मेसेज: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटवता पाहुणा म्हणून प्रवेश करता येणार नाही. माझा घरचा लॅपटॉप, मी पैसे देऊन घेतलेला. त्याला कुठली संस्था? कोणी आत शिरलंय का, या विचाराने माझे हातपाय गार पडले. त्या मेसेजने घाबरलेला माणूस बावळट असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघावा.

डिस्कच्या कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं शोधलं. सगळ्यात वर जो निकाल आला त्यात कंपनीचं नाव, चिन्ह, नंबर सगळं होतं. ती जाहिरात होती. शोधात वर दिसणारा नंबर लावू नका. नंबर खोक्यावरून, बिलावरून किंवा कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून घ्या.

फोन लगेच उचलला गेला. माणूस शांत, स्वच्छ मराठीत बोलणारा, दर वाक्याला ‘मॅडम’. आणि आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही.

फोन लावण्याआधी मी डिस्क उलटी करून तिच्या बुडावरचा सीरियल नंबर कागदावर उतरवून ठेवला होता. कुठल्याही खऱ्या सपोर्टचा पहिला प्रश्न तोच असतो, कारण त्यावरून वॉरंटी आणि मॉडेल कळतं. या माणसाने तो विचारलाच नाही. मॉडेल नाही, एरर काय येते नाही, डिस्कवरचा दिवा कुठल्या रंगाचा आहे तेही नाही. शेवटी मीच म्हटलं, ‘‘सीरियल नंबर देऊ का?’’ तो म्हणाला, ‘‘नको मॅडम, आमच्या सिस्टिमला दिसतोय.’’ राउटरमागे ठेवलेल्या डिस्कचा सीरियल नंबर त्याच्या सिस्टिमला कुठून दिसणार? कागद माझ्या हातात होता. तिथेच फोन ठेवायचा होता. पण मी जे सांगत होते त्याचं उत्तर तो देत होता. संस्थेचा मेसेज सांगितल्यावर म्हणाला, ‘‘तेच तर मॅडम, तुमचा लॅपटॉप दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात गेलाय.’’ माझ्या मनातली भीती दुसऱ्याने मोठ्याने बोलून दाखवली. त्यावर मी विश्वास ठेवला नसता तरच नवल.

मग एनीडेस्क घ्यायला लावलं. ॲप खरं आहे, लाखो लोक कामासाठी वापरतात. पण त्याचा कोड दिला की लॅपटॉपचा माउस आणि कीबोर्ड समोरच्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेने या प्रकाराबद्दल २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. मला फसवणूक झाल्यावर कळलं.

त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांब यादी दाखवली: ‘‘ही सगळी घुसखोरी.’’ ही यादी प्रत्येक धडधाकट विंडोज कॉम्प्युटरवर असते, आत्ता उघडून बघा. मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट, म्हणजे चालू जोडण्यांची यादी देणारी आज्ञा, चालवून परक्या पत्त्यांची यादी दाखवली. ब्राउझर आणि ॲप्स ज्या ज्या सर्व्हरशी बोलत असतात, ते सगळे पत्ते तिथे येतात. घुसखोरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

४,९९९ घेतले ‘नेटवर्क सिक्युरिटी सर्टिफिकेट’साठी. तशी काही वस्तू लागतच नाही. मग म्हणाला, जुना बॅकअप बाधित आहे, तो काढल्याशिवाय नवा बसणार नाही. आधी आमच्या सर्व्हरवर सुरक्षित कॉपी घेऊ, १६,००० अधिक १८ टक्के जीएसटी. तेच ते १८,८८०. जीएसटीचा हिशेब बरोबर जुळला म्हणून मला ते खरं वाटलं. पावतीही आली, कंपनीच्या चिन्हासकट. माझ्या डोळ्यांसमोर प्रगतीची पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली आणि मग डिस्कवरचं बॅकअपचं फोल्डर उडालं. नेटवर्क डिस्कवरून पुसलेली फाइल लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. डिस्कची स्वतःची कचरापेटी आधीपासून चालू केलेली असेल तरच ती सापडते. माझी नव्हती. दुरुस्तीची सुरुवात जुना बॅकअप पुसण्याने करायला कोणीही सांगितलं, अगदी ओळखीचा माणूस असला, तरी नाही म्हणा.

‘‘आता स्कॅन चालू आहे, स्क्रीन काळी होईल, माउसला हात लावू नका.’’ ती काळी स्क्रीन ॲपची सोय आहे, पलीकडच्याला सगळं दिसत असतं. त्या वेळात त्याने एका शॉपिंग साइटवर, जिथे मी लॉगिन होते आणि कार्ड जतन होतं, ३१,२०० ची गिफ्ट व्हाउचर दोनदा घेतली. ओटीपी कुठून आला? मी फोनचे मेसेज लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडे ठेवते. ही सोय आजच्या आज बंद करा. मी ओटीपी कोणाला सांगितला नाही, एक अंकही नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय आणि प्रत्येकाने मान हलवून पुढे लिहिलंय: ग्राहकाचा निष्काळजीपणा.

खरा दोष आमच्या ऑफिसच्या सिस्टिम ॲडमिनने बसल्याबसल्या सांगितला. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारात, नेटवर्क डिस्कवर पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून जायची वाट बंद झाली आणि देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची झाली. पाहुण्याच्या लॉगिनला ती सही करता येत नाही, म्हणून बॅकअप अडला. उपाय फुकटचा: डिस्कच्या सेटिंगमध्ये एक युजर आणि पासवर्ड तयार करायचा, तोच विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जतन करायच्या जागी, भरायचा. बॅकअपच्या प्रोग्रॅमला झेड ड्राइव्हसारखं अक्षर न देता डिस्कचा पूर्ण नेटवर्क पत्ता द्यायचा, कारण पार्श्वभूमीला चालणाऱ्या प्रोग्रॅमला ती अक्षरं बहुतेक वेळा दिसत नाहीत. ‘संस्थेचं धोरण’ म्हणजे विंडोजचंच नवं सेटिंग. इतक्या साध्या बदलाला असा भेदरवणारा मेसेज लिहिणाऱ्यांचाही मला राग आहे.

पैसे गेल्याच्या सूचना पाहून मी त्याच संध्याकाळी कार्ड बंद केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. १९३० हा आधी लावायचा नंबर, शाखेत नंतर जा. पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच. त्याआधी वायफाय बंद करा, म्हणजे लॅपटॉपवरचा त्याचा ताबा तुटतो. मी ते उशिरा केलं, कारण फोनवर बँकेचं रेकॉर्डिंग ऐकत बसावं लागलं.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार ओटीपीने प्रमाणित, जबाबदारी ग्राहकाची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. काउंटरवरच्या बाईंनी ते हातातही घेतलं नाही. मॅनेजर म्हणाले, ‘‘ताई, एवढं शिकलेल्या तुम्ही, असं कसं केलंत?’’ मी बँकेत संस्कार ऐकायला गेले नव्हते. दोन अनोळखी व्यवहार लागोपाठ, सारख्याच रकमेचे, मी कधीच गिफ्ट व्हाउचर न घेणारी, तुमच्या यंत्रणेला त्यात काहीच खटकलं नाही? या प्रश्नाला आजवर लेखी उत्तर नाही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम बघता हे तुमच्या ठाण्याचं. ठाण्यात परत गेले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचा तपास इन्स्पेक्टर दर्जाचाच अधिकारी करतो आणि साहेब बंदोबस्ताला. हे कलम ७८ मध्ये खरंच आहे, पण ते तपासाबद्दल आहे, तक्रार नोंदवण्याबद्दल नाही. हद्दीचा वादही खोटा आहे: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमाचा आकडा सांगितला तेव्हा तिथल्या हवालदारांनी खुर्ची दिली, कागद घेतला, आणि पोच म्हणून दिला तो साधा अर्जाचा शिक्का. एफआयआर नाही. लिहून देताना भारतीय न्याय संहिता (बीएनएस) ३१८(४) आणि आयटी कायदा ६६डी, दोन्ही कलमं स्वतः लिहा.

आणि हे लगेच वाचा: तक्रार केल्यावर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा फोन येतो. मला आला. त्याला माझी रक्कम रुपयापर्यंत माहीत होती. फी मागितली २,५००. ज्यांनी लुटलं तेच किंवा त्यांनी माझी माहिती ज्यांना विकली ते, दुसरं कोण असणार? मी फोन ठेवला.

डिस्क मी त्या दिवसापासून बंद करून ठेवली आहे. पुसलेल्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की उरलंसुरलंही जातं, म्हणून तुमचं असं झालं तर डिस्कची वायरच काढा आणि घरी रिकव्हरीचे प्रयोग करू नका. आता बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जातो, आणि एक प्रत कपाटातल्या, कशालाही न जोडलेल्या डिस्कवर.

बँकेच्या लेखी नकारानंतर कार्डावरून गेलेल्या ६२,४०० रुपयांसाठी मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार दाखल केली आहे. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी आणि तिचा नकार तरी हवा किंवा ३० दिवस उत्तर न येणं तरी. यूपीआयचे उरलेले २३,८७९ तुम्ही स्वतःहून पाठवले, असं बँकेचं म्हणणं आहे. त्यासाठी एफआयआर हवा, आणि तो मिळेपर्यंत मी ठाण्यात जाणार आहे.